पिवळ्या गोळ्यांची पुडी

आमगावच्या एका मेडिकलमधी मी झाडपूस करते. कधीपासून म्हनाल, तं माह्या बुढ्याचे, म्हंजे नवऱ्याचे, बोटं मशीनीत गेले त्याच्या दुसऱ्या सालापासून. पंधरा साल झाले असन, जास्तच असन. सकाळी दुकान उघडलं का झाडू मारते, फरशी पुसते, माठ भरते. दुपारी गिराइकी थंडी पडली का खोके फोडून पुठ्ठ्याचे गठ्ठे बांधते. आता गुडघे साथ देत नाई. खाली बसली का उठाले काउंटर धरा लागते. तरी जाते. घरी बसून का करू?

आमच्या इकडे पुडीची चाल होती. लहान दुकानात अजूनबी आहे. मानूस येते अन् म्हनते, "सर्दीची पुडी द्या." कोनाले पाहिजे, लेकराले का म्हाताऱ्याले, कोनी विचारत नाई. डब्यातून एक पिवळी गोळी काढली, एक पांढरी, एक लाल, कागदात बांधली, झालं. तापाची पुडी वेगळी, अंगदुखीची वेगळी. ज्याले वाचता येत नाई त्याले रंगानं सांगाचं. पिवळी सकाळ-संध्याकाळ, पांढरी जेवल्यावर. त्या पुड्याईचे कागद मीच फाडत होती. जुन्या कॅलेंडरचे, पोराईच्या वह्याईचे. तळहाताएवढे चौकोनी. किती फाडले त्याचा हिसाब नाई.

बुढ्याची गोष्ट आधी सांगा लागन, नाई तं पुढचं समजनार नाई.

दर साली पानी थांबलं, बांधावर गाजरगवताले पांढरे फुलं आले, का त्याले शिंका सुरू होत. एक नाई, दोन नाई, एका दमात दहा-बारा. डोळे लालभडक, नाकातून पानी, दिवसभर गमछा नाकाले. धान कापनीले आलं का वाढे, अन् चुरना, म्हंजे धानाची मळनी, सुरू झाला, भुसा उडाले लागला, का पार बेजार होऊन जाय. लोक हसत. "आला पाहा शिंक्या," म्हनत. "याले राखनीले ठेवा रे, पाखरं बसाचे नाई." अन् काम तं तेच होतं, धानाचं. आमची धानाची एक बांधी, तीबी उताराची, पानी ठरत नाई. बाकी लोकाईच्या वावरात मजुरी. शिंका आल्या म्हून धान थांबत नाई.

त्या साली गावात एकानं धान चुराची मोठी मशीन आनली. मशीनीत पेंढ्या टाकाले त्यानं माह्या बुढ्याले लावलं. पयल्याच दिवशी मशीनवाला त्याले म्हनला, "शिंकता शिंकता एखाद्या दिवशी अंदरच जाशीन तू. उद्याबी असाच शिंकला तं मी दुसरा मानूस पाहीन." बुढा घरी आला, भिताडाले टेकून बसला. मीच त्याच्या तोंडून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मी आमगावले आली, याच मेडिकलमधी. काउंटरवर चष्मेवाला बाबू होता. आताबी तोच आहे, तवा त्याचे केस काळे होते. मी म्हनलं, "शिंकाची पुडी द्या. जोरदार द्या." त्यानं देल्ली. पिवळ्या जास्त टाकल्या. "सकाळी एक, संध्याकाळी एक," म्हनला. एवढंच. मी काई विचारलं नाई, त्यानं काई सांगतलं नाई. मांगून आनखी चार लोक उभे होते.

एका गोळीनं शिंका निम्म्या झाल्या, त्या दिवशी काम टिकलं. मले वाटलं, एकीनं निम्म्या तं दोहीनं पुऱ्या बंद होतीन. त्याच्या दुसऱ्या सकाळी चायसंग मी दोन पिवळ्या त्याच्या हातावर ठेवल्या.

"दोन?" तो म्हनला.

"घ्या ना जी. शिंकले तं काम जाईन."

घेतल्या त्यानं. भाकर बांधून देल्ली ती तशीच परत आली, संध्याकाळी, दुसऱ्याच्या हातानं. उजव्या हाताचे चार बोटं गेले होते. अंगठा राहिला.

गोंदियाच्या दवाखान्यात अठरा-वीस दिवस काढले. तिकडे आमी दवाखान्यात, अन् इकडे मशीनवाला पानठेल्यावर बसून सगळ्या गावाले सांगून राहिला का मानूस पिऊन आला होता. डोळे झाकत होते, पाय लटपटत होते, हाक मारली तं ओ देत नोव्हता. अन् ते खोटंबी नोव्हतं. सोबतच्या मजुराईनंबी पाह्यलं होतं. माहा बुढा पोळ्याले, शिमग्याले मोहाची घेत होता हे गावाले मालूम. मंग कोनाले शंका येईन? दवाखान्यात पट्ट्या बांधलेला हात पोटावर ठेवून तो मले म्हनला, "मी पेलो नोव्हतो वो."

मी म्हनलं, "झोपा आता."

माहा विश्वास बसला नोव्हता. सांगाले जड जाते, पन बसला नोव्हता.

घरी आल्यावर तो पानठेल्यावर बसाले गेला तं कोनी ना कोनी म्हने, "काय गा, मशीनले पाजली का तूच पेला?" सुरुवातीले भांडला तो. एकाची कॉलर धरली, डाव्या हातानं. मंग तिकडे जानंच सोडलं. गावात लगीन असो का मयत, लोकाईच्या मांगे उभा राहे. मीबी काई कमी नाई बोलली. घरात तांदूळ सरले का, पोरीच्या लग्नात हात आखडला का, माह्या तोंडून निंगूनच जाय, "त्या दिवशी पेले नसते तं..." पयले दोन-तीन साल तो म्हने, "मी पेलो नोव्हतो." मंग म्हननं सोडलं. डाव्या हातानं जेवाले शिकला, डाव्या हातानं बिडी पेटवाले शिकला. मी मेडिकलमधी झाडू धरला. असे दिवस गेले. त्याच्यात सांगन्यासारखं काई नाई.

आता यंदाचं सांगते.

मालकाचं वय झालं, तं दुकान सुनेच्या हाती आलं. ती गोंदियाची, दवाईचंच शिकलेली. आमी तिले मॅडम म्हनतो. आल्या आल्या तिनं पुडी बंद केली. मी फाडलेल्या कागदाईचा गठ्ठा उचलून मले देल्ला. "मावशी, हे आता लागणार नाही. चुलीत घाला."

चष्मेवाल्या बाबूले ते लागलं. "मॅडम, पुडी बंद तं गिराइकी बंद. लोक समोरच्या दुकानात जातीन."

"जाऊ द्या. आपण विचारून देऊ."

"इथं मानसाले विचारलेलं आवडत नाई, मॅडम. ऑटो चालू ठेवून येते तो."

"मग ऑटो बंद करायला सांगा."

बाबूनं माह्याकडे पाह्यलं. मी माठाकडे पाह्यलं.

दसरा जवळ आला का शिंकवाले गिराइक वाढतेत. दर साली वाढतेत. कोनी मराठीत बोलते, कोनी हिंदीत, पन सगळे नाक पुसत येतेत. "भैया, छींक का गोली दे दो, जल्दी." मॅडमनं ठरवलं का दुपारी दुकान थंड राहते तवा रोज घडीभर बाबूले अन् नवीन लागलेल्या लांब वेणीवाल्या पोरीले शिकवाचं. काय शिकवाचं, तं या शिंकाईचंच. गिराइक आलं तं काय विचाराचं, काय सांगाचं, काय द्याचं नाई. शटर अर्धं खाली घेत, पंखा लावत. मी एका कोपऱ्यात पुठ्ठे बांधत बसे.

पयल्या दिवशी मॅडम म्हनली, "याला परागज ज्वर म्हणतात."

बाबू म्हनला, "ज्वर म्हंजे ताप. पन यात ताप कुठी राहते?"

"नाही राहत. नावच तसं पडलंय."

"मंग आमी लोकाले काय सांगाचं? ताप नसलेला ताप झाला म्हून?"

वेणीवाली पोरगी तोंडावर ओढनी घेऊन हासली. मॅडमबी हासली. म्हनली, "नाव सोडा. फुलांच्या भुकटीची, धुळीची ॲलर्जी म्हणा. गाजरगवत फुललं, गवत फुललं, की बारीक भुकटी हवेत उडते. धानाचा भुसा उडतो. ज्याच्या नाकाला ती सोसत नाही त्याला शिंका." मंग साधी सर्दी कोनती अन् ही कोनती, ते सांगाले लागली. सर्दी आठ दिवसात जाते, ही फुलं असेपर्यंत राहते. सर्दीत शेंबूड घट्ट होतो, यात पान्यासारखा. यात डोळे खाजतात, टाळू खाजते. अन् ज्याच्या छातीत घरघर आहे, दम लागून राहिला आहे, त्याले गोळी देऊन घरी धाडाचं नाई, डॉक्टरकडे धाडाचं.

मी सुतळी आवळत होती. मले वाटलं, ही तं माह्या बुढ्यालेच पाहून बोलून राहिली. एवढ्या सालात त्याच्या शिंकाले काई नाव असन, हे कोनी सांगतलंच नाई.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मॅडम म्हनली, "आता बोलून दाखवा. बाबू, तुम्ही काउंटरवर. गिऱ्हाईक कोण होतं?" पोरगी लाजली. मॅडमनं माह्याकडे पाह्यलं. "मावशी, तुम्ही या."

"मी काय बोलू, बाई?"

"शिंका येतात म्हणा. बाकी ते विचारतील."

मी कमरेचा खोचा सोडला, काउंटरच्या बाहेर जाऊन उभी राहिली. झाडू हातातच होता. म्हनलं, "बाबू, शिंका येतेत. दवाई द्या."

बाबूचा हात सरळ मांगच्या डब्याकडे गेला. तीस सालाची सवय.

"हात मागे!" मॅडम ओरडली.

पोरगी खो-खो हासली. बाबूनं हात खिशात घातला. "बरं. कोनाले पाहिजे?"

"मलेच."

"किती दिवस झाले?"

"तुमी सांगा तेवढे."

"मावशी, बराबर सांगा ना, माही परीक्षा चालू आहे!"

"पंधरा दिवस."

"ताप? डोळे खाजतेत? छातीत आवाज येते? बीपीची, साखरेची गोळी चालू आहे?" बाबूनं एका दमात सगळं विचारून टाकलं, जसा पाढा म्हनला. मंग मॅडमकडे पाह्यलं.

"एक राहिलं," मॅडम म्हनली. "काम काय करता, हे विचारलं नाही."

"काम कायले विचारू? मले काय तिचं लगीन जमवाचं आहे?"

"ही पिवळी गोळी आहे ना, तुम्ही आजवर पुडीत द्यायचात ती, ती झोप आणते. बसल्या जागी डोळे मिटतात. चालताना तोल जातो. ट्रॅक्टरवाला आहे, मोटारसायकलवाला आहे, मशीनवर हात घालून काम करणारा आहे, त्याला ती द्यायची नाही. झोप कमी आणणारी दुसरी गोळी आहे. नाकात मारायचा फवारा आहे, तोही डॉक्टरला विचारून. आणि काहीही दिलं तरी सांगायचं, एकच घ्या, मनानं वाढवू नका."

"फवारा तं आमी धानावर मारतो," बाबू म्हनला. पोरगी पुन्हा हासली.

मले हासू आलं नाई. मी झाडूवर भार देऊन उभी होती. मशीन म्हनली ती. डोळे मिटतात म्हनली. तोल जातो म्हनली. हेच शब्द तं मशीनवाला पानठेल्यावर सांगत होता. डोळे झाकत होते, पाय लटपटत होते.

मॅडम म्हनली, "छान झालं मावशी, बसा." मी जाऊन पुठ्ठ्यावर बसली. त्या दिवशी गठ्ठे सैल बांधले, भंगारवाला चिडला.

घरी गेली तवा बुढा आंगनात बसून डाव्या हातानं शेंगा सोलत होता. वालाच्या. अंगठ्यानं शेंग दाबून धराची अन् डाव्यानं फोडाची. नाक वाहून राहिलं होतं, मधीमधी शिंकत होता. मी सांगतलं नाई. मले पक्कं मालूम नोव्हतं. एवढ्या सालानं सांगाचं, अन् ते चुकीचं निंघालं तं? रातभर विचार केला असं नाई म्हननार. थकलेलं आंग पडलं का झोपते. पन सकाळी उठली तवा पयले तेच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनं पोरीले काउंटरवर उभं केलं. मले सांगा नाई लागलं, मीच जाऊन उभी राहिली.

"बोला आजी, काय पाहिजे?" पोरगी म्हनली. एकाच रात्रीत लय शिकली होती.

"माह्या घरच्या मानसाले शिंका येतेत. त्याच्यासाठी."

"ताप आहे का?"

"नाई. डोळे खाजतेत. फुलाच्या दिवसात दर साली."

"काम काय करतेत ते?"

"धान चुराच्या मशीनीत पेंढ्या टाकतेत."

मॅडमनं मान हलवली. तिले वाटलं मी चांगलं सोंग घेऊन राहिली. पोरगी म्हनली, "मंग ही पिवळी नोका देऊ आजी, झोप येते हिनं."

"मी देऊन चुकली," मी म्हनलं. "एक नाई, दोन देल्ल्या. सकाळी, चायसंग. पोटात भाकर नोव्हती. अन् तो मशीनीवर गेला. तं काय होईन?"

पोरगी गोंधळली. असा प्रश्न शिकवला नोव्हता. तिनं मॅडमकडे पाह्यलं.

मॅडम म्हनली, "चांगला प्रश्न आहे. सगळ्यांना सारखी झोप येत नाही. पण दोन घेतल्या, पोट रिकामं, वरून ऊन, तर गुंगी येण्याची शक्यता खूप. दारू प्यायल्यासारखा दिसेल माणूस. त्याला मशीनजवळ जाऊच द्यायचं नाही. निरोप पाठवा, घरी आणा, झोपू द्या."

"दारू पेल्यासारखा."

"हो. लोकांना तसंच वाटतं."

मी म्हनलं, "बरं." अन् कोपऱ्यात जाऊन बसली.

बाबू त्या दिवशी काई हासला नाई. शटर वर झाल्यावर माठाजवळ पानी प्याले आला. ग्लास भरला अन् तसाच हातात धरून उभा राहिला. बुढ्याचा हात त्यानं पाह्यला होता, दर दिवाळीले दुकानातून मिठाई न्याले बुढा ये.

"मावशी, ती पुडी मीच देल्ली होती का?"

"तुमीच."

"मी विचारलं नोव्हतं."

"मीबी सांगतलं नोव्हतं. तुमी एक म्हनले होते, मी दोन देल्ल्या."

त्यानं पानी पेलं. ग्लास धुवून पालथा ठेवला. कधी ठेवत नाई. रोज मीच ठेवते.

घरी गेली तवा ऊन उतरलं होतं. बुढा खाटेवर होता. मी समोर फरशीवर बसली, बसाले वेळ लागला. म्हनलं, "अजी, आयका. त्या दिवशी तुमी पेले नोव्हते."

"कोनत्या दिवशी?"

"मशीनीच्या."

मी सगळं सांगतलं. पिवळी गोळी, तिची झोप, मॅडम काय म्हनली, मी कसं विचारलं. मधी त्याले शिंका आल्या, मी थांबली, मंग पुढे सांगतलं.

"पिवळी होती का?" त्यानं विचारलं.

"हाव."

"दोन?"

"दोन. मीच देल्ल्या."

त्यानं गमछ्यानं नाक पुसलं. मंग म्हनला, "मलेच वाटाले लागलं होतं का मी पेलोच असन. सगळे म्हनत. तू म्हनस. मले त्या दिवशीचं काई आठवतच नाई, सकाळचा चाय आठवते अन् दवाखाना. म्हटलं, असन पेलो. एवढे लोक का खोटं बोलतीन?"

मले यापेक्षा त्यानं दोन शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. 

"रागवा ना जी माह्यावर," मी म्हनलं.

"आता कुठी रागवू? दम लागते." मंग म्हनला, "मशीनवाल्याले सांगजो एक वेळ."

एवढंच मागतलं त्यानं. पंधरा सालात दुसरं काई मागतलं का, ते मले आठवत नाई.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मशीनवाल्याच्या घरी गेली. मशीनवाला आता म्हातारा झाला, कमरेतून बसला आहे, पोरं मशीन चालवतेत. छपरीत खाटेवर पडला होता.

"कोन आहे?"

"मी. शिंक्याची बायको." नवऱ्याचं नाव आमी घेत नाई, अन् गावानं देल्लेलं हेच नाव त्याले पटकन समजनार होतं.

"हं. काय काम काढलं?"

उभ्या उभ्याच सांगतलं. त्यानं आयकलं. मधात त्याची सून चाय ठेवून गेली, मी घेतला नाई.

"म्हंजे गोळ्या तूच देल्ल्या?"

"मीच."

"मंग तुहीच गलती झाली. माह्या मशीनीची नाई."

"हाव, माहीच. तेच सांगाले आली. मशीनीचं मी काई म्हनत नाई. पन त्यानं पेली नोव्हती."

"एवढ्या सालानं आता काय करू मी त्याचं?"

"काई नोका करू. तुमी पानठेल्यावर बसून सांगतलं होतं का तो पिऊन आला. तं तिथंच सांगा का नोव्हता पेला."

"मले उठता येत नाई, दिसत नाई का तुले?"

"दिसते," मी म्हनलं. "तं मी सांगते मंग. तुमचं नाव घेऊन सांगते."

त्यानं तोंड भिताडाकडे फिरवलं. मंग म्हनला, "सांग."

पानठेल्यावर चार-पाच जन होते, दोन तं त्या दिवशी मशीनीवर असलेलेच. आता तेबी म्हातारे. बाई मानूस तिथं जाऊन उभी राहत नाई आमच्या गावात, तं सगळे वळून पाहाले लागले. मी लांब नाई सांगतलं. म्हनलं, "त्या साली माह्या घरच्या मानसानं पेली नोव्हती. शिंकाची गोळी होती, झोपेची. मीच दोन खाऊ घातल्या. मशीनवाल्याले सांगून आली, तो हाव म्हनला. आता तुमाले सांगतलं."

एकजन सुपारी कातरता कातरता थांबला. "वहिनी, आमी तं गंमत करत होतो."

"मालूम आहे."

"आमाले का मालूम, गोळीनं असं होते..."

"मलेबी नोव्हतं मालूम," मी म्हनलं, अन् घरी आली. गुडघे लय दुखत होते. पाय लांब करून बसली ते चूल पेटवाची वेळ होईपर्यंत.

बुढ्यानं विचारलं, "सांगतलं?"

"सांगतलं. पानठेल्यावरबी."

"तिथं कायले गेली?"

"जा लागलं."

मॅडमनं सांगतलेली दुसरी गोळी आता त्याले आनते. दिवसातून एकच, पाकिटासकट. वेणीवाली पोरगी पाकिटावर पेनानं एक सूर्य काढून देते, म्हंजे सकाळची. गमछा ओला करून नाकाले बांधाचं, घरी आल्यावर डोळे धुवाचे, तेबी करतो आमी. शिंका पुऱ्या गेल्या नाई. जानार नाई म्हनते मॅडम, बांधावर गाजरगवत आहे तोवर.

चार-पाच दिवसानं सकाळी तो चाय पेला अन् निंगाला. कुठी जाता म्हून मी विचारलं नाई. भांडे घासता घासता आंगनातूनच पाह्यलं. पानठेल्याच्या बाकड्याच्या टोकाले जाऊन बसला, ओला गमछा नाकाले लावून. पंधरा सालानं. लागोपाठ चार-पाच शिंका आल्या त्याले. बाकड्यावरचा एकजन सरकला, त्याले नीट बसाले जागा केली.

आमगावले जानारा ऑटो आला होता. मी हात पुसले अन् निंगाली.